वडील कच्च्या कैदेत, म्हणजे खटल्याचा निकाल लागेपर्यंत तुरुंगात होते, त्याचा परिणाम आता इतक्या वर्षांनी तब्येतीवर होऊ शकतो का?

हो, होऊ शकतो. तुम्ही लिहिलंय की वडील निर्दोष सुटून सहा वर्षं झाली, तरी खोकला हटत नाही, शुगर वाढलीय, रात्रीची झोप नाही; आणि डॉक्टरांना घरच्यांनी 'ते गावाकडे होते' एवढंच सांगितलंय. मी सरकारी दवाखान्यात क्षयरोग विभागात काम करतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, डॉक्टरांना खरं काय ते सांगा.

ऑर्थर रोडसारख्या तुरुंगात क्षमतेच्या कित्येक पट माणसं असतात. बराकीत एकाला कूस बदलायची तर शेजारच्यालाही बदलावी लागते. हवा कोंडलेली, त्यात एखादा टीबीचा पेशंट असला की जंतू सगळ्यांच्या श्वासात जातात. ते शरीरात वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात आणि मधुमेहाने किंवा वयामुळे प्रतिकारशक्ती घटली की डोकं वर काढतात. 'आत होते' हे डॉक्टरांना माहीतच नसेल, तर कफ सिरप बदलण्यातच महिने जातात.

थुंकीतले टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी आणि छातीचा एक्स-रे सरकारी दवाखान्यात मोफत होतो. सोबत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासून घ्या. आत दाढीचं ब्लेडसुद्धा एकमेकांचं वापरलं जातं, त्यामुळे यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न येत नाही. हिपॅटायटिस सी वीस-वीस वर्षं काही जाणवू न देता यकृत पोखरतो, पण वेळेत कळला तर बहुतेक जण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरे होतात.

झोपेचंही तसंच. रात्रभर दिवा चालू, कधी कुणाचा आरडाओरडा, डोक्यात कोर्टाची तारीख. सुटून आलेली माणसं दाराकडे पाठ करून बसत नाहीत, हे मी पाहिलंय. 'आता विसरा ते' असं त्यांना म्हणू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

आणि लाज कसली? २०२२ अखेर देशातल्या दर शंभर कैद्यांपैकी जवळपास ७६ जण कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. आमच्याकडे एका बाईंनी नवऱ्याबद्दल हे सांगण्याआधी दाराकडे बघितलं, मग आवाज खाली केला. त्या एका वाक्यावरून पुढच्या सगळ्या तपासण्या बदलल्या.

वडिलांना एक नक्की विचारा: आत टीबीच्या गोळ्या सुरू होऊन दुसऱ्या तुरुंगात हलवताना किंवा जामिनाच्या धांदलीत मधेच सुटल्या होत्या का? अर्धवट उपचारांनी औषधांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो. तसं असेल तर कारागृह अधीक्षकांकडे अर्ज करून उपचारांचे जुने कागद मागा, पण कागदांची वाट बघत तपासणी लांबवू नका.