हाड काढून ठेवलंय, पुढे काय?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय २९) मोटारसायकलवरून पडला. चौथ्या दिवशी मेंदूची सूज औषधांना दाद देईना, म्हणून उजव्या बाजूचं कवटीचं हाड काढलं. आता पाच आठवडे झाले. डोळे उघडतो, हात दाबतो, पण बोलत नाही. हाड काढून सूज कशी उतरते? आणि तो पहिल्यासारखा होईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : या ऑपरेशनने सूज उतरत नाही. तिला फुगायला जागा मिळते. मोठ्या माणसाची कवटी म्हणजे बंद डबाच. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. सूज वाढू लागली की आधी पाणी मणक्याकडे सरकतं, शिरांतलं रक्त बाहेर जातं आणि दाब आटोक्यात राहतो. ही सोय संपली की पुढची चमचाभर सूजही दाब झपाट्याने चढवते.

निरोगी माणूस आडवा असताना हा दाब साधारण ५ ते १५ असतो (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये). २२ च्या वर टिकला तर उपचार लागतात. सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा केला की मेंदूला रक्त पोहोचवणारा दाब उरतो. रक्तदाब ८५ आणि कवटीतला दाब ३५ असेल, तर उरतात ५०. हवेत ६० ते ७०. रक्त कमी पडलं की सूज आणखी वाढते, आणि हे चक्र तोडावंच लागतं.

हाडाला हात घालण्याआधी बाकीचे उपाय होतात : डोकं ३० अंश वर, मान सरळ, गळ्याची कॉलर सैल, गुंगीची औषधं, व्हेंटिलेटर, मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचं सलाईन, जमलं तर नळीने पाणी काढणं. ‘सुजेसाठी स्टिरॉइड का नाही दिलं?’ असं नातेवाईक हमखास विचारतात. डोक्याच्या माराला स्टिरॉइड देऊ नये. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दहा हजार रुग्णांच्या चाचणीत स्टिरॉइड दिलेल्यांचे मृत्यू जास्त निघाले.

हाडाचा तुकडा मोठा काढावा लागतो, किमान १२ × १५ सेंमी. नातेवाईकांना तो पाहून धक्का बसतो, पण खरा धोका लहान खिडकीचा. फुगलेला मेंदू तिच्या काठावर अडकतो, शिरा दाबल्या जातात आणि तेवढा भाग मरतो. कानशिलाचं हाडही खाली कवटीच्या तळापर्यंत काढतात, कारण तिथला मेंदू आत सरकून ब्रेनस्टेमवर, म्हणजे श्वास सांभाळणाऱ्या भागावर, दाब आणतो. हाडाखालचं जाड आवरणही उघडून सैल करावं लागतं. ते घट्टच राहिलं तर अर्धं काम राहिलं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. औषधांना न जुमानणाऱ्या दाबासाठी केलेल्या ऑपरेशनची ४०८ रुग्णांची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी २६.९ टक्के दगावले होते, फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी ४८.९ टक्के. पण डोळे उघडे, मात्र भान नाही अशा अवस्थेत राहिलेले पहिल्या गटात ८.५ आणि दुसऱ्यात २.१ टक्के होते. म्हणजे जीव नक्की वाचतात, मात्र माराच्या क्षणी फाटलेले तंतू हे ऑपरेशन जोडत नाही. वर्षाअखेरीला ऑपरेशनच्या गटातले ४५.४ टक्के निदान घरात स्वतःचं स्वतः करण्याइतके सावरले होते, दुसऱ्या गटातले ३२.४ टक्के. तेव्हा पाचव्या आठवड्यात निकाल लावू नका. सांगितल्यावर हात दाबत असेल तर ती खरोखर चांगली खूण आहे. फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी आत्ताच सुरू करा, हाड बसवण्याची वाट पाहू नका.

प्रश्न : हाड नसलेल्या बाजूची घरी काळजी कशी घ्यायची?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : त्या कुशीवर झोपवू नका. ‘उजव्या बाजूला हाड नाही’ असा कागद पलंगाच्या डोक्याशी लावा, रात्री कूस बदलणारा माणूस वेगळा असतो. बसवताना, चालवताना मऊ अस्तराचं हेल्मेट हवंच. खोकताना ती जागा किंचित फुगते, घाबरू नका. पण ती सतत ताठ फुगलेली राहिली, गुंगी वाढली, उलट्या किंवा ताप आला, टाक्यांतून पाणी झिरपलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोक्यात पाणी साचणं किंवा जंतुसंसर्ग असू शकतो.

उलट काहींची ती जागा खोल बसते. बसल्यावर डोकं दुखतं, हातपाय लुळे पडतात, आडवं केलं की बरं वाटतं. हे दिसलं तर हाड लवकर बसवण्याबद्दल सर्जनला विचारा. फिटच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : हाड पोटात ठेवलंय म्हणतात. ते चांगलं राहतं का? कधी बसवतात?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : राहतं. पोटाच्या कातडीखालच्या चरबीत ते ठेवतात. काही ठिकाणी उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवतात. सूज ओसरून जखम कोरडी असली की साधारण दीड ते सहा महिन्यांत बसवतात. काहींचं हाड नंतर झिजतं, लहान मुलांत जास्त. हाड झिजलं किंवा त्यात पू झाला तर टायटॅनियमची जाळी, हाडाचं सिमेंट किंवा सीटी स्कॅनवरून मापात घडवलेला ‘पीक’ (PEEK) नावाच्या प्लास्टिकचा तुकडा वापरतात. हाड कुठे ठेवलंय हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. फ्रीझरमध्ये असेल तर ते किती दिवस सांभाळतील, हेही त्याच दिवशी विचारा.