म्युनिकचा पत्ता बरोबर, मग पार्सल परत का आलं?

प्रश्न: ताई, मुलगा म्युनिकला एमएस करतोय. मागच्या दिवाळीला फराळ पाठवला. पत्ता त्यानेच व्हॉट्सअपवर दिलेला, नाव, रस्ता, फ्लॅट नंबर सगळं नीट लिहिलं, तरी पार्सल परत आलं, वर जर्मनमधला शिक्का. आमचं काय चुकलं? आणि तिकडच्या सुट्ट्या बघून पाठवायला पाहिजे का?
– एक आई, सांगली

उत्तर: काकू, पत्ता बरोबरच असेल, पण खालच्या बेलवर मुलाचं नाव नसणार. जर्मनीत बिल्डिंगमधल्या फ्लॅटना बहुतेक ठिकाणी नंबरच नसतात, पोस्टमन बेलवर आणि लेटरबॉक्सवर आडनाव शोधतो, ते दिसलं नाही की माल उलटा. मुलं कुणाच्या तरी घरात एक खोली घेऊन राहतात आणि पाटी मालकाची असते. त्यामुळे मुलाच्या नावाखाली 'केअर ऑफ' लिहून पाटीवरचं आडनाव जसंच्या तसं टाका, नाहीतर त्याला आधी लेटरबॉक्सवर चिठ्ठी चिकटवायला सांगा, फुकट काम आहे!

बाकी क्रम असा, आधी रस्त्याचं नाव मग घर नंबर, खालच्या ओळीत पाच आकडी पिनकोड आणि त्याच्यापुढे शहर, सगळ्यात खाली देशाचं नाव इंग्रजीत कॅपिटलमधे. म्युनिकचा पिनकोड 80 किंवा 81 ने सुरू होतो, तेवढं ताडून बघा. 'मारुतीच्या देवळासमोर' टाईप खुणा तिकडे कोणी वाचत नाही.

सुट्ट्यांचं म्हणाल तर तिथे प्रत्येक राज्याचं वेगळं. 3 ऑक्टोबर सगळीकडे बंद, पण 1 नोव्हेंबरला म्युनिक बंद आणि हॅम्बुर्ग चालू, 31 ऑक्टोबरला बरोबर उलटं. राखी पाठवणाऱ्यांनो, 15 ऑगस्टला म्युनिकलाही सुट्टी असते, मेरीमातेचा सण. शेजारच्या ऑग्सबुर्गला तर 8 ऑगस्टची सुट्टी फक्त त्या एका शहरापुरती! म्हणून 'जर्मनी हॉलिडेज' असं सर्च न करता राज्याचं नाव टाकून बघा, म्युनिकचं राज्य बव्हेरिया.

पण एक दिवस टपाल बंद राहिलं म्हणून काही बिघडत नाही हो, खरी भानगड वेगळीच. गुरुवारी सुट्टी आली की शुक्रवारची रजा टाकून लोक फिरायला जातात, मुलगाही मित्रांबरोबर गेलेला असतो, पार्सल शेजाऱ्याकडे किंवा जवळच्या पोस्टाच्या दुकानात जातं आणि तिथे साधारण आठवडाभरच थांबतं. तेव्हा पाठवताना ट्रॅकिंग नंबर त्याला द्या आणि तो घरी कधी आहे ते विचारा.

आणि हो, पेढे, बर्फी, तुपाची बरणी घालू नका, युरोपियन युनियनमधे बाहेरून पोस्टाने दुधाचे पदार्थ चालत नाहीत. चकली, चिवडा खुशाल पाठवा. कस्टमच्या फॉर्मवर नुसतं 'फराळ' न लिहिता एकेक पदार्थ इंग्रजीत, वजन आणि किंमत टाका. घरगुती भेट 45 युरोपर्यंत असेल तर तिकडे त्याला कर भरावा लागत नाही.