कम्युनिटी कॉलेजचे दार कोणत्या पाळीत उघडते?

नागपुरात कम्युनिटी कॉलेजे, म्हणजे स्थानिक रोजगाराला धरून कमी मुदतीचे कौशल्य अभ्यासक्रम शिकविणारी महाविद्यालये, वाढविल्यास कामगारांना शिक्षण आणि चांगला रोजगार मिळेल का, असे आपण विचारले आहे. मिळेल, परंतु वेळापत्रक कामगाराची पाळी पाहून आखले तरच.

मी आयटीआयचा फिटर. बुटीबोरीच्या एका कारखान्यात आठवड्याला बदलणाऱ्या तीन पाळ्यांत काम करीत असताना, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कम्युनिटी कॉलेज योजनेखाली शहरातील एका महाविद्यालयात सुरू झालेल्या पदविकेला मी प्रवेश घेतला. तासिका अकरा ते चार. रात्रपाळीच्या आठवड्यात मी बाकावर डुलक्या घेई, दुसऱ्या पाळीत दोन तासिका होताच बस पकडावी लागे आणि पहिल्या पाळीत तर जाणेच शक्य नसे. प्रात्यक्षिकाचे लेथ यंत्र वीजजोडणीअभावी झाकलेले होते; आम्ही त्यावर डबे ठेवीत असू. पुढे ७५ टक्के हजेरी भरली नाही म्हणून माझा परीक्षा अर्ज अडविण्यात आला, आणि पाळीपत्रक दाखविल्यावर मला ऐकविण्यात आले, "नोकरी की शिक्षण, एक काय ते ठरवा."

घरी मोठे बाबा, निवृत्त शिक्षक, म्हणाले, "हे नापास पोरांचं शिक्षण होय, बी. ए. केलं असतं तर बरं झालं असतं." त्यांच्यासाठी येथे नोंदवितो की अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज १९०१ मध्ये इलिनॉयमधील जोलिएट येथे, एका हायस्कूलमध्ये सहा विद्यार्थ्यांवर सुरू झाले, ते नापासांसाठी नव्हे, तर विद्यापीठाची पहिली दोन वर्षे मुलांना गावातच पूर्ण करता यावीत म्हणून. आपल्याकडेही २०२० च्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि पुन्हा परतण्याची सोय कागदावर आहे.

तेव्हा नवी इमारत मागू नका. तीच तासिका सकाळी आणि सायंकाळी अशी दोनदा घ्या, म्हणजे पाळी कोणतीही असो, एक तरी सापडेल. प्रवेश घेणाऱ्याने माहितीपुस्तिकेआधी दोन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या कारखान्याशी करार आहे, आणि येथील श्रेयांक (क्रेडिट) विद्यापीठ पदवीसाठी धरणार का.

अर्थात, तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना दुप्पट तासांचे मानधन कोण देणार, हा प्रश्न उरतोच. शिवाय माझ्या वर्गातील, नोकरी न करणाऱ्या चार मुलींना त्याच पदविकेवर हिंगण्याच्या एमआयडीसीत काम मिळाले. हे मोठे बाबा कोणाला सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.