दंतकथा स्वरांत बांधण्याआधी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

बास्क लोकांच्या, म्हणजे स्पेन-फ्रान्सच्या सीमेवर राहणाऱ्यांच्या, दंतकथांवरचा तुझा आराखडा दोनदा वाचला. आंबोतो डोंगराच्या गुहेत राहणारी देवी मारी, बदकाच्या पायांच्या जलपऱ्या लामिया, रानाचा राखणदार बासाखाउन, सगळे एकाच वाद्यवृंद-रचनेत तुला हवेत. हौस दांडगी आहे, तिला माझा पाठिंबाच आहे. पण एवढ्या पानांत एक चाल नाही, एक ठेका नाही. नुसती पात्रंच आहेत, आणि माझी काळजी तिथेच आहे.

आधी बास्क संगीतकार खेसूस गुरिदीचा ‘आमाया’ नीट ऐक. हा ऑपेरा १९२० मध्ये स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात रंगमंचावर आला. काळ आठव्या शतकाचा, जुना धर्म आणि ख्रिस्ती धर्म समोरासमोर, आणि बास्कांचा मूळपुरुष आइतोर याच्या वंशातली नायिका. कुणालाही वाटावं, ही गोष्ट शेकडो वर्षं चुलीपाशी सांगितली गेली असेल. तसं नाही. आइतोर हा ऑगुस्तीन शाहो नावाच्या बास्क लेखकाने १८४० च्या दशकात उभा केला. पुढे नावार्रो विल्योस्लादाच्या कादंबरीने १८७९ मध्ये त्याला घरोघरी पोचवलं आणि त्या कादंबरीवरून ऑपेरा झाला. मग ‘आमाया’ खोटा का? मुळीच नाही. कथा कागदावर जन्मली असली तरी तिच्यात येणारा एस्पातादान्त्सा, म्हणजे तलवारींचा नाच, खऱ्या अंगणातून आलेला आहे. त्या संगीताला पाय आहेत. तुझ्या मारीला अजून पाय नाहीत.

पाय कसे येतात ते सांगतो. चिस्तू ही बास्क बासरी वाजवणारा माणूस बघ. बासरीला तीनच छिद्रं, ती डाव्या हाताने सांभाळायची, त्याच बाजूला छोटा ढोल अडकवलेला आणि उजव्या हातात टिपरी. चाल आणि ठेका एकाच अंगातून निघतात, त्यामुळे दोघांत फट राहत नाही. तू चाल बासरीला दिलीस आणि ठेका मागे बसलेल्या ढोलवाल्याला, की ती गाठ सुटलीच समज. ती पुन्हा कशी बांधायची हा तुझ्यापुढचा खरा प्रश्न आहे, लामियांचे पाय कोणत्या वाद्याने दाखवायचे हा नव्हे.

आता सोर्त्सिको, हा बास्क नाचाचा ठेका. पाचाचा ठेका म्हटल्यावर तुझा हात झपतालाच्या सवयीने दोन-तीन असा पडेल. तसा पडू देऊ नकोस. मोज: एक, मग एक-दोन, मग एक-दोन. शिवाय त्या दोन्ही जोड्यांत पहिला स्वर लांबवायचा आणि दुसरा चटकन टाकायचा. टाळी देत हे हाडात मुरेपर्यंत कर. मुरला की लक्षात येईल, हा ठेका लंगडत नाही, उचलून धरतो.

फ्रेंच संगीतकार रावेलचं उदाहरण तुला उपयोगी पडेल. जन्म फ्रान्समधल्या बास्क भागातल्या सिबूरचा, आई बास्क. सात बास्क प्रांतांच्या एकीचं नाव घेऊन ‘सास्पियाक बात’ ही पियानो आणि वाद्यवृंदाची रचना त्याने हाती घेतली आणि अर्धवट सोडली. पण १९१४ च्या पियानो त्रयीच्या (पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्या रचनेच्या) पहिल्या भागात तीन-दोन-तीन अशी आठाची विभागणी करून बास्क नाचाची चाल त्याने सहज आणली. तिथे नाव नाही, ध्वज नाही, ठेका मात्र आहे. मला ती त्रयी त्या मोठ्या बेतापेक्षा कितीतरी जास्त बास्क वाटते.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. बिल्बाओत बास्क भाषेतला ऑपेरा वाढवला तो तिथल्या गायकवृंदाने. गुरिदीचा ‘मिरेंचू’ आणि दुसरा बास्क संगीतकार उसांदिसागा याचा ‘मेंदी मेंदियान’ हे दोन्ही १९१० मध्ये त्याच जोरावर आले. (उसांदिसागा अठ्ठाविसाव्या वर्षी क्षयाने गेला. ते नुकसान मला आजही सलतं.) गुरिदीने स्वतः तो गायकवृंद वर्षानुवर्षं चालवला. म्हणून ‘आमाया’त समूह शोभेपुरता मागे उभा नाही, तीच तर त्या कथेतली माणसं. तुझ्याकडे गायक नसले तरी प्रत्येक वाद्याची ओळ गळ्यातून गाऊन बघ. जी गाता येत नाही ती काढून टाक.

पुरुषभर उंचीची ग्रंथसंपदा वाचायची गरज नाही. १९१२ मध्ये बास्क प्रांतांच्या शासनांनी लोकगीत-संग्रहांची स्पर्धा जाहीर केली. त्यात अस्कुए पहिला आला, पाद्रे दोनोस्तिया दुसरा. दोघेही धर्मगुरू, दोघांनीही लोकांच्या तोंडून गाणी ऐकून उतरवली. त्यांचे संग्रह मिळव. एरेन्तेरियातल्या एरेसबिल या संगीत-अभिलेखागाराला पत्र लिही, मागायला लाजू नकोस. मग गुरिदीच्या १९४१ मध्ये प्रथम सादर झालेल्या दहा बास्क चाली समोर ठेव आणि बघ, त्याने चालीला किती कमी छेडलं आहे. प्रत्येक चाल म्हणायचं ते म्हणते आणि थांबते.

पुढच्या पत्रात मला गोष्ट नको. एकच चाल निवड, तिचा ठेका खाली लिही, आणि चार तंतुवाद्यांसाठी बांधून पाठव. मारीला कुठे बसवायचं ते आपण त्यानंतर बोलू.

तुझा,
काका