वाचकांचे प्रश्न : बुलेटिन बोर्डावरील लढाईचे खेळ

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी एका जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स घालून सिंक्रोनेट हे बुलेटिन बोर्डाचे (दूरवरून जोडून संदेश, फायली आणि खेळ वापरता येतात अशा मजकुरी केंद्राचे) सॉफ्टवेअर चालू केले आहे. संदेश आणि फायलींची देवाणघेवाण व्यवस्थित चालते. आता त्यावर ‘लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन’ हा निव्वळ मजकुरावर चालणारा लढाईचा खेळ बसवायचा आहे. परंतु खेळ निवडला की पडदा काळा होतो आणि थोड्या वेळाने मुख्य मेनू परत येतो. काय चुकत असावे?
— एक प्राध्यापक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोष खेळात नसून बोर्डाने खेळाला दिलेल्या निरोपात असावा, असे वाटते. अशा खेळांना ‘डोअर’ म्हणतात, कारण बोर्ड खेळाडूला काही काळ दुसऱ्याच प्रोग्रॅमच्या स्वाधीन करतो आणि खेळ संपला की परत आत घेतो. खेळाला त्या खेळाडूविषयी स्वतःहून काहीच ठाऊक नसते. म्हणून खेळ सुरू होण्यापूर्वी बोर्ड एक लहानशी मजकूर-फाइल लिहून ठेवतो. हीच ड्रॉप फाइल. तिचा सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे ‘डोअर.सिस’, आणि तो साध्या एडिटरमध्ये उघडून पाहता येतो. त्याच्या पहिल्या ओळीत पोर्ट (खेळाडूशी बोलण्याची वाट) असतो, चौथ्या ओळीत नोडचा (बोर्डावरील जोडणीचा) क्रमांक, दहाव्या ओळीत खेळाडूचे नाव आणि एकोणिसाव्या ओळीत त्याची उरलेली मिनिटे असतात. पहिल्या ओळीत ‘कॉम०’ असे दिसले, तर खेळाडू यंत्रासमोरच बसला आहे अशी खेळाची समजूत होते. मग सगळी लढाई यजमान संगणकावर चालते आणि दूरच्या माणसाला काळा पडदा दिसतो.

ती ओळ बरोबर असेल, तर फाइल जेथे लिहिली जाते आणि खेळ तिला जेथे शोधतो, ती जागा एकच आहे का, हे पाहावे. सेथ रॉबिन्सन यांचा हा खेळ १९८९ सालचा आहे आणि आपण चालवीत आहात ती त्याची डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवरील आवृत्ती आहे. डॉसला फोल्डरचे आठ अक्षरांपेक्षा लांब नाव समजत नाही, आणि लिनक्स इंग्रजीच्या लहान व मोठ्या लिपीतील नावे वेगळी मानतो. म्हणून खेळाचे फोल्डर छोट्या नावाचे ठेवावे आणि नावातील लिपी एकसारखी राखावी. खेळ डॉसईम्यूमध्ये (लिनक्सवर डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालवताना आभासी कॉम१ पोर्ट सुरू करावा लागतो, आणि बॅच फाइलमध्ये (खेळ सुरू करणाऱ्या आज्ञांच्या यादीत) खेळाच्या आधी बीएनयू किंवा एक्स००सारखा फॉसिल ड्रायव्हर (खेळ आणि पोर्ट यांच्यामधला दुवा) चढवलेला बरा.

आणखी एक शक्यता आहे. बोर्ड बाजूला ठेवून खेळ थेट डॉसईम्यूमध्ये चालवून पाहिल्यावर ‘रनटाइम एरर २००’ असा संदेश आला, तर ड्रॉप फाइल निर्दोष आहे असे समजावे. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले त्या काळातील अनेक प्रोग्रॅम सुरू होतानाच प्रोसेसरचा वेग मोजतात. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे हे गणित हाताबाहेर जाते आणि भागाकारातच प्रोग्रॅम कोसळतो. त्यावर मूळ प्रोग्रॅमला लावायचे पॅच मिळतात. ते लावण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत काढून ठेवावी, हे आपल्याला सांगायला नको.

खेळ सुरू झाल्यावर मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये रोजच्या लढायांची संख्या ठरवता येते. विद्यार्थी ती वाढवा म्हणून मागे लागतील. त्यांचे ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसाच्या लढाया संपल्या की उद्यापर्यंत थांबायचे, आणि आपण बाहेर असताना शेतात झोपलेल्या आपल्या योद्ध्यावर कोणी हल्ला करील का, याची धास्ती बाळगायची, यातच या खेळाची सारी गंमत आहे. अमर्याद लढाया दिल्या तर रात्रभर जागणारा एक मुलगा दोन दिवसांत सर्वांच्या पुढे जातो आणि बाकीचे खेळ सोडून देतात.

दिवस बदलला की नाही, हे खेळ संगणकाच्या घड्याळावरून ठरवतो. यंत्राचा टाइमझोन यूटीसी राहिला असेल, तर आपल्याकडे नवा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होईल. कोकणात याहून मोठी अडचण पावसाळ्यात येते. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरील सीआर२०३२ सेल बहुधा संपलेला असतो. लाइट जाऊन परत आली की तारीख भलत्याच वर्षात जाते, इंटरनेटही बंद असेल तर ती दुरुस्त होत नाही, आणि तारीख बदलली एवढेच पाहणारे खेळ सर्वांना लढायांचा नवा कोटा देऊन मोकळे होतात. थोड्या रुपयांचा सेल बदलून हे टळते. खेळाडूची नोंद लिहिली जात असतानाच लाइट गेली, तर मात्र नोंदींची फाइल बिघडू शकते, आणि त्या फाइलीत सर्वांचेच योद्धे असतात. इन्व्हर्टर असल्यास तो यूपीएस मोडवर ठेवावा, म्हणजे बदलाच्या क्षणी संगणक बंद पडत नाही. शिवाय पहाटे, कोणी आत नसताना, खेळाच्या फोल्डरची प्रत आपोआप निघेल अशी क्रॉनमध्ये (लिनक्सच्या वेळापत्रकात) सोय करावी आणि एकच प्रत न ठेवता आठवड्याच्या सात वारांच्या सात प्रती ठेवाव्यात. बिघाड लक्षात येईपर्यंत कालची प्रतही बिघडलेली असू शकते.

प्रश्न : ड्रॅगनऐवजी आपल्या किनाऱ्यावरील आरमारी लढाईचा मराठी खेळ लिहून तो बोर्डावर ठेवता येईल का? मला पायथॉन बऱ्यापैकी येते.
— एक वाचक, मालवण

उत्तर : येईल, आणि डॉसची कटकटही उरणार नाही. सिंक्रोनेट किंवा मिस्टिकसारखा बोर्ड लिनक्सवरील साधा प्रोग्रॅमही डोअर म्हणून चालवू शकतो. प्रोग्रॅमने नेहमीप्रमाणे ओळ वाचायची आणि ओळ छापायची. पायथॉनमध्ये छापलेला मजकूर ताबडतोब बाहेर ढकलण्याची सूचना द्यायला विसरू नये, नाहीतर प्रश्न दिसण्याआधीच खेळाडू उत्तराची वाट पाहणाऱ्या पडद्यापुढे बसून राहील. कनेक्शन तुटल्यावर प्रोग्रॅम मागे चालू राहणार नाही, हेही पाहावे. नोंदी साध्या फाइलीऐवजी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवाव्यात. दोघे एकाच वेळी एकमेकांवर चालून गेले तरी हिशेब चुकण्याची भीती कमी होते.

देवनागरीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुने बोर्ड ४३७ क्रमांकाच्या कोडपेजवर (चिन्हांच्या तक्त्यावर) चालत. त्यात २५६ चिन्हे आहेत आणि देवनागरी नाही. त्यामुळे बोर्ड आणि खेळाडूचे टर्मिनल (बोर्ड दाखवणारा त्याच्याकडील प्रोग्रॅम) दोन्ही यूटीएफ-८वर (सर्व लिप्या सामावणाऱ्या पद्धतीवर) हवेत. तरीही ‘गलबते’ या शब्दात पाच संकेत आणि पंधरा बाइट असतात, पण पडद्यावर चारच घरे व्यापली जातात, आणि जोडाक्षरांची रुंदी प्रत्येक टर्मिनल आपल्या मनाने ठरवते. म्हणून देवनागरी मजकुराच्या उजवीकडे चौकट किंवा आकड्यांचा रकाना मांडू नये. आकडे ओळीच्या सुरुवातीला घ्यावेत आणि मजकूर मोकळा सोडावा.

लढाईचे गणित सोपे ठेवा. हल्ल्याच्या बळाचा अर्धा भाग ठाम धरावा, उरलेल्या अर्ध्यात दैवाचा हात ठेवावा आणि त्यातून समोरच्याचा बचाव वजा करावा. वजाबाकी शून्याखाली गेली तर वार हुकला. चाळीस बळाची गुराब (शिडांचे मोठे लढाऊ जहाज) दहा बचावाच्या गुराबेवर तोफा डागील, तेव्हा नुकसान दहा ते तीस यांच्या मध्ये येईल. दुबळ्याला आशा राहते आणि बलवानाला माज करता येत नाही.

खरी चव मात्र वाऱ्याने येईल. गुराबा शिडांवर अवलंबून असत, तर गलबते वल्ह्यांवरही चालत आणि वारा पडला की गुराबांना ओढून नेत. रोज सकाळी खेळाने वाऱ्याची दिशा व जोर ठरवावा. वारा पडलेल्या दिवशी ज्याच्याकडे गलबते नाहीत त्याची गुराब जागच्या जागी अडकावी आणि लहान ताफ्याच्या खेळाडूने तिला पाठीमागून, जेथे तिच्या तोफा पोहोचत नाहीत तेथून, गाठावे. पावसाळ्याचे महिने खेळात आले की समुद्र बंद करून सर्वांना बंदरात डागडुजी करायला लावावी. काळ १७५६ पूर्वीचा धरावा. त्या वर्षी विजयदुर्ग पडला आणि तेथील आंग्र्यांचे आरमार जळाले. पहिल्या आवृत्तीत एक किल्ला, दोन प्रकारची जहाजे आणि वारा एवढेच घ्यावे. व्यापार, जकात आणि फितुरी हे सारे नंतर.

प्रश्न : घरच्या वायफायवर बोर्ड चालतो, पण पुण्याच्या मित्राला बाहेरून जोडता येत नाही. राऊटरमध्ये पोर्ट उघडला आहे.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : राऊटरच्या पानावरील बाहेरचा आयपी पत्ता १०० ने सुरू होत असून पुढचा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून दिलेला आहे आणि राऊटरमधील पोर्ट उघडून काही उपयोग नाही. कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्यावा, किंवा दोन्हीकडे आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) असल्यास त्यावरून जोडावे. टेलनेट या जोडण्याच्या जुन्या, असुरक्षित पद्धतीचा २३ क्रमांकाचा पोर्ट उघडा दिसताच सारे जग पासवर्ड आजमावू लागते, म्हणून मित्राला एसएसएच या सुरक्षित पद्धतीने यायला सांगावे.