दार नसलेली बस आणि बार्शीचं इंजिन

या वेळी पत्रं आली ती बहुतेक एकाच विषयावर. मागच्या अंकात मी इंग्लंडमधल्या जुन्या बस आणि आगगाड्यांच्या चाहत्यांबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याचा हा परिणाम. झुआरीकाठच्या बार्ज दुरुस्तीच्या शेडमध्ये लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाला याहून आवडीचं काम कोणतं मिळणार!

प्रश्न : भाऊ, सप्रेम नमस्कार. माझे यजमान हल्लीच निवृत्त झाले. त्यांचे मामा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला होते. त्यांनी लंडनजवळच्या टिलबरी बंदरावरून आणलेली पत्र्याची लाल दुमजली बस आमच्या शोकेसमध्ये आहे. आता तिच्या शेजारी आणखी बसगाड्यांची रांग लागलीय. रात्री जेवणं आटोपली की हे लंडनच्या जुन्या बसचे व्हिडिओ लावतात आणि चक्क डोळे मिटून नुसता आवाज ऐकतात. हे कधी लंडनला गेलेले नाहीत. जे पाहिलंच नाही त्याची आठवण माणसाला कशी येते? काळजी करण्यासारखं आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, काळजी मुळीच करू नका. ते डोळे मिटून ऐकतात म्हणजे त्यांना खरी गोडी लागलेली आहे. ती बस बहुधा रूटमास्टर असणार. तिच्या गिअरबॉक्सचा एक चढत जाणारा सूर आहे, तो ऐकायला इंग्लंडमधले लोकही मैलोन्‌मैल जातात.

ही गाडी लंडनने स्वतःसाठी बनवून घेतली. पहिला नमुना 1954 साली तयार झाला, रस्त्यावर प्रवासी घेऊन ती 1956 मध्ये धावली आणि 1968 पर्यंत 2,876 गाड्या बांधल्या गेल्या. विमानं बांधताना जे शिकले ते त्यांनी बसमध्ये उतरवलं. ॲल्युमिनियमची बॉडी, तिला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, पॉवर स्टिअरिंग. त्या काळी हे बसमध्ये कोण देत होतं? चौसष्ट माणसं बसतील एवढी गाडी आणि रिकामी असताना वजन साडेसात टनांच्या आसपास. हा हिशेब मी आजही कौतुकाने वाचतो.

मागच्या बाजूला दार नाही, नुसता उघडा ओटा आणि धरायला दांडा. सिग्नलला गाडी थांबली की चढा, थांबली की उतरा. कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आपल्याकडच्या एसटीतही हीच भाषा आहे. तुमच्या यजमानांना तो आवाज परका वाटत नाही, याचं एक कारण हेही असेल.

9 डिसेंबर 2005 रोजी 159 क्रमांकाच्या मार्गावर तिची नेहमीची सेवा संपली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी झाली होती. पण चाकाच्या खुर्चीतला माणूस त्या बसमध्ये कधीच चढू शकला नाही, बाबागाडी घेतलेल्या बाईचेही हाल व्हायचे. तिला निरोप द्यायलाच हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीवर जीव असणं आणि तिची वेळ संपली हे मान्य करणं, दोन्ही एका माणसात राहू शकतं. मुंबईत 15 सप्टेंबर 2023 रोजी बेस्टची जुनी दुमजली बस अंधेरीहून शेवटची सुटली, तेव्हा तिला हार घालणारे लोकही असेच होते. त्यात मुंबईत नोकरी केलेले आपले गोंयकारही कमी नसतील.

आता तुमचा खरा प्रश्न. आठवण त्यांची नाही, मामांची आहे. मामा बोटीवरून उतरले, परक्या शहरात पगाराच्या पैशांतून भाच्यासाठी काहीतरी घेतलं, आणि घेतलं काय, तर रोज डोळ्यांसमोरून जाणारी बस. एकदा यजमानांना विचारा, मामा कोणत्या बोटीवर होते, बंदरातून शहरात कसे जायचे, बसने की आगगाडीने? ते सांगतील तसं वहीत उतरवून घ्या. आपल्या तारवट्यांनी घरी काय काय आणलं हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी तिथे काय पाहिलं, हे लिहून ठेवलेलं फार थोडं सापडतं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. इंटरनेटवर एका जुन्या लंडन बसचा नंबर एकच दिसतो, पण वेगवेगळ्या वर्षांच्या फोटोंत तिच्या बॉडीत फरक दिसतो. नंबर खोटा असतो का?
— कुडचडे

उत्तर : शाबास, नजर चांगली आहे! नंबर खोटा नाही. लंडनच्या उत्तरेला आल्डनहॅम नावाचा बस दुरुस्तीचा प्रचंड कारखाना होता. दर काही वर्षांनी प्रत्येक बस तिथे जायची. बॉडी क्रेनने उचलून एका ओळीत, खालचा सांगाडा दुसऱ्या ओळीत. (रूटमास्टरला पूर्ण चासी नसली तरी पुढची-मागची चाकं आणि इंजिन धरणारे सुटे भाग होतेच.) बॉडीच्या कामाला वेळ जास्त लागायचा. मग सांगाडा तयार झाला की जी बॉडी तयार असेल ती त्याच्यावर बसायची आणि बाहेर पडताना नंबर लागायचा. म्हणजे आत गेलेली बस आणि त्याच नंबरची बाहेर आलेली बस, यांत सामायिक काय उरलं हे शोधायला चाहत्यांना नोंदवह्या चाळाव्या लागतात.

हे जमायला प्रत्येक भाग दुसऱ्या कुठल्याही गाडीला तंतोतंत बसायला हवा. फिटरचं काम केलेल्याला विचार, हजारो गाड्यांत ते साधणं म्हणजे काय! आल्डनहॅम 1986 मध्ये बंद झालं. तुला इंजिनिअरिंगला जायचं असेल तर या कारखान्याबद्दल मिळेल ते वाच.

प्रश्न : माझा पुतण्या वेल्समध्ये नोकरीला आहे. दर शनिवार-रविवार तो एका जुन्या रेल्वेवर फुकट कोळसा ओढतो, इंजिन पुसतो. फोनवर दुसरं बोलणं नाही. ज्या इंग्रजांनी आपल्या देशावर राज्य केलं त्यांच्या इंजिनांवर आपल्या मुलांनी घाम गाळावा का? गोव्यात तर इंग्रज नव्हतेही. मला हे पटत नाही.
— निवृत्त शिक्षक, वास्को

उत्तर : गुरुजी, तुमचा आक्षेप मी हलका मानत नाही. पण तुम्ही ज्या वास्कोत राहता तिथल्या रुळांपासूनच सुरुवात करतो. मुरगाव बंदर आणि तिथून घाटावर जाणारी मीटर गेज (रुळांत एक मीटर अंतर असलेली) लाईन पोर्तुगीज मुलखात होती, पण बांधली लंडनच्या कंपनीने. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून ती निघाली आणि 1880 च्या दशकात पुरी झाली. पलीकडचं कॅसलरॉक ब्रिटिश हद्दीत. पुढे गाडी चालवायचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं. म्हणजे गोव्यात इंग्रज राज्यकर्ते नव्हते, त्यांची रेल्वे मात्र होती. आणि घाटातले बोगदे फोडले, दूधसागरचा पूल उभारला तो कोणी? इथल्या आणि घाटावरच्या मजुरांनी. मी सावर्ड्याला स्टेशनाजवळ वाढलो. कुळेंहून वर चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिन लागायचं, आणि ते चालवणारे लोक आमच्याच बाजारात मासळी घ्यायचे. ते यंत्र मला कधी इंग्रजांचं वाटलं नाही.

आता पुतण्याकडे येतो. तो जे करतोय त्याची सुरुवात वेल्समध्येच झाली. तालिलिन नावाची दगडी पाट्यांच्या खाणीची छोटी रेल्वे होती. 1950 मध्ये मालक वारले, ती बंद पडणार हे दिसत होतं. चाहत्यांनी एकत्र येऊन संस्था काढली आणि 14 मे 1951 रोजी स्वयंसेवकांची पहिली गाडी सोडली. जगात असं आधी कोणी केलेलं नव्हतं. मग 1963 मध्ये तिथल्या सरकारी रेल्वेचे अध्यक्ष बीचिंग यांचा अहवाल आला, त्यात दोन हजारांहून जास्त स्थानकं बंद करण्याची शिफारस होती. ऑगस्ट 1968 मध्ये सरकारी रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिनं संपली. गावोगावचं स्टेशन गेलं, वडिलांची नोकरी गेली. त्या लोकांची हुरहूर साम्राज्यासाठी नाही गुरुजी, गावातून गेलेल्या गाडीसाठी आहे.

वेल्समध्येच बॅरी नावाचं बंदर आहे. तिथल्या भंगारवाल्याने शेकडो इंजिनं विकत घेतली, पण आधी वॅगन तोडायला घेतल्या आणि इंजिनं खाऱ्या वाऱ्यात गंजत राहिली. खारा वारा लोखंडाचं काय करतो हे मुरगावच्या माणसाला मी काय सांगू! त्या गंजक्या सांगाड्यांतून 213 इंजिनं लोकांनी वर्गणी काढून सोडवली. पुढे जाऊन तर एक वाफेचं मोठं इंजिन त्यांनी मूळ नकाशांवरून नवंच बांधलं, ‘टॉर्नेडो’. वर्गणीदार दर महिन्याला थोडे थोडे पैसे देत होते आणि 2008 मध्ये ते चाललं. बॉयलर मात्र जर्मनीत करून घ्यावा लागला. एवढं मोठं काम करणारे हात इंग्लंडमध्ये उरले नव्हते. तुमचा पुतण्या नेमकं तेच शिकतोय, जे एका देशात संपत आलं होतं. त्याला अडवू नका.

आणखी एक गोष्ट त्याला जरूर कळवा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने 1897 मध्ये आपल्या बार्शीची अडीच फुटी रेल्वे सुरू केली. तिथे जे जमलं तेच घेऊन तो इंग्लंडला गेला आणि स्टॅफर्डशरमध्ये 1904 साली लीक आणि मॅनिफोल्ड रेल्वे उघडली. तिचीही इंजिनं बार्शीसारखी लीड्सच्या किटसन कारखान्याची, गेजही तोच. ती 1934 मध्ये बंद पडली, पण तिथले चाहते आजही बार्शीचं नाव आदराने घेतात. बार्शीत घडलेलं शहाणपण विलायतेला गेलं, हे आपल्या पोरांनी अभिमानाने सांगावं.

दिल्लीचं रेल्वे संग्रहालय 1977 मध्ये उघडलं, त्यासाठी इंजिनं शोधायला मायकेल सॅटो या इंग्रज चाहत्याने आपल्या लोकांबरोबर देशभर पायपीट केली. आपल्या मीटर गेजवर काम केलेले फायरमन, गार्ड, पॉइंट्समन आता फार म्हातारे झालेत. वास्कोत तुमच्या ओळखीचे असतीलच. तुम्ही मास्तर, प्रश्न विचारणं तुम्हाला येतं. मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि पुतण्याला पाठवा. तो ते जपून ठेवील.

प्रश्न : वडिलांच्या पेटीत मीटर गेजच्या काळातली पुठ्ठ्याची तिकिटं सापडली. लॅमिनेट करून घेऊ का?
— मडगाव

उत्तर : अजिबात नको! लॅमिनेशनच्या उष्णतेने आणि डिंकाने पुठ्ठा कायमचा बिघडतो. हा तिकिटाचा प्रकार इंग्लंडमधल्या एडमन्सन नावाच्या स्टेशन मास्तरने 1830 च्या दशकात काढला. प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांक, आणि तारीख दाबून उठवायचं यंत्र. आपल्याकडे संगणक येईपर्यंत तेच चाललं. आधी तारखेचा ठसा बघा, तिरक्या उजेडात धरलात तर वाचता येईल. मग दोन्ही बाजूंचे फोटो काढून घ्या. तिकिटं आम्लविरहित कागदाच्या पाकिटात एकेक सुटी घाला, पाकिटं झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. गोव्याच्या पावसात त्या पुड्या महिन्याभरात दमतात, तेव्हा जूनपासून चतुर्थीपर्यंत बदलत राहा. डबा भिंतीतल्या कपाटात ठेवू नका, ओल तिथूनच येते. आणि वडील कुठून कुठे जात होते ते प्रत्येक पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नको.