तारतम्य म्हणजे अक्कल नव्हे

बाळा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. टॉवेलच्या कारखान्यात मास्तरांनी सगळ्यांसमोर "तुला तारतम्यच नाही" म्हटलं म्हणून तू जेवला नाहीस वगैरे, ते राहू दे, पण शेवटी जे विचारलंस की तारतम्य म्हणजे अक्कलच ना, तर नाही रे, अक्कल तुला भरपूर आहे, बी.कॉम.चे मार्क बघितलेत मी.

शब्द कसा झालाय बघ. लघु, लघुतर, लघुतम हे शाळेत केलं असशील, त्यातले तर आणि तम मिळून तरतम, आणि सुंदरचं जसं सौंदर्य होतं तसं तरतमचं तारतम्य. म्हणजे कमी काय, जास्त काय, सगळ्यात जास्त काय हे कळणं. चांगलं-वाईट निवडणं हा सारासार विचार, तो बऱ्याच जणांना जमतो. पंचाईत होते ती दोन्ही गोष्टी बरोबर असतात तेव्हा, नाहीतर दोन्हीत खोट असते तेव्हा.

आता तुझं चेकिंग टेबलच घे. टॉवेलचा एखादा लूप ओढला गेला तर कात्रीनं कापायचा, विषय संपला, त्यानं टॉवेल उसवत नाही. पण खालच्या विणीतला ताण्याचा, म्हणजे उभा धागाच तुटला असेल तर पीस दोन-चार धुण्यांत भोक दाखवणार. वरवर बघितलं तर दोन्ही सारखेच दिसतात आणि तू दोन्ही सेकंडच्या, म्हणजे खराब मालाच्या ढिगात टाकलेस. नियमानं चुकला नाहीस, दोष दिसला की बाजूला काढ एवढंच सांगितलं होतं तुला. पण गाडी दारात उभी आणि चांगला माल ढिगात, म्हणून मास्तर तापले. (चारचौघांत बोलायला नको होतं, तिथं त्यांचंही तारतम्य सुटलंच, पण हे त्यांना सांगायला जाऊ नको.)

बोलण्यातही तेच. आपल्या सोलापूरच्या पार्क चौकात मित्राला "काय बे" म्हटलं नाहीस तर त्याला वाटेल रागावलास की काय, पण तोच बे फोनवर पुण्याच्या हॉटेलवाल्यापुढं निघाला की ऑर्डर गेली म्हणून समज. नळाला पाणी येणार होतं म्हणून उशीर झाला हे सोलापुरात कुणालाही पटतं, रोज कुठं येतंय पाणी आपल्याकडं, पण लोडिंगच्या दिवशी तेच कारण असेल तर आदल्या रात्रीच फोन करून ठेवायचा.

आणि हल्ली लोक हा शब्द कुठंही चिकटवतात हां. "त्याच्या बोलण्यात आणि वागण्यात तारतम्य नाही" म्हणतात, तिथं त्यांना मेळ नाही म्हणायचं असतं. ताळतंत्र आणखी वेगळं, ते सुटलं म्हणजे माणूस हाताबाहेरच गेला. "पोच नाही" हे बरंच जवळचं, पण ते जास्त लागतं, मास्तर तसं म्हणाले नाहीत हे लक्षात घे.

ग्रुपवर टाकायला जे उत्तर टाईप करून ठेवलंयस ते डिलीट कर. उद्या मास्तर चहाला बसले की चार-पाच पीस हातात घेऊन जा, यातलं काय चालतं काय नाही ते विचार, आणि कात्री घरनंच घेऊन जा, तिथल्या सगळ्या बोथट असतात.

तुझा काका